‘मॅड मेन’मधले जुने दागिने कसे ओळखायचे, कसे जमवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मॅड मेन’ ही न्यूयॉर्कमधल्या एका जाहिरात कंपनीची गोष्ट. एएमसी वाहिनीवर ती जुलै २००७ ते मे २०१५ दरम्यान सात पर्वांत दाखवली गेली आणि तिच्यातला काळ १९६० ते १९७० असा सरकत जातो. मालिका संपून बरीच वर्षं झाली, तरी कंपनीचं ऑफिस सांभाळणाऱ्या जोनच्या गळ्यातलं पेन आणि नायक डॉन ड्रेपरची बायको बेटी हिचे मोती शोधणारे लोक कमी झालेले नाहीत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं क्रमानं वाचायची गरज नाही, मात्र दागिना हातात आलेला असेल तर आधी प्रश्न ४ वाचा.

१. मालिकेतल्या बायकांच्या अंगावरचे दागिने खरे आहेत की खोटे?

बहुतेक खोटे, म्हणजे कॉस्च्युम ज्वेलरी. पितळ किंवा कथील-शिशाचा पांढरा मिश्रधातू, वर सोन्याचा किंवा ऱ्होडियम या चंदेरी धातूचा मुलामा, काचेचे खडे, काचेचे मोती, प्लास्टिक. आपल्याकडे याला सरसकट ‘बेंटेक्स’ म्हणायची सवय आहे, पण त्या काळातल्या चांगल्या अमेरिकन कंपन्यांचं काम वेगळ्या दर्जाचं होतं. ट्रायफारी ही त्यांतलीच एक. तिचे मुख्य डिझायनर आल्फ्रेड फिलिप हे आधी उंची जडजवाहिरांचं काम केलेले गृहस्थ. १९३० पासून १९६८ पर्यंत ते ट्रायफारीत होते. त्यांच्या ब्रोचमधला (कपड्याला लावायच्या शोभेच्या पिनेतला) काचेचा खडासुद्धा हिऱ्यासारखा नखांच्या कोंदणात हातानं बसवलेला असतो. खोट्या मालावर खऱ्या सोनाराची मेहनत, हीच या दागिन्यांची गंमत आहे आणि म्हणूनच ते जमवावेसे वाटतात.

२. हे दागिने मालिकेसाठी मुद्दाम घडवले होते का?

सगळे नाहीत. वेशभूषाकार जेनी ब्रायंट यांच्या विभागानं जुन्या काळचे अस्सल दागिने आणि कपडे मोठ्या प्रमाणावर वापरले. अशा मालिकांसाठी माल तीन वाटांनी येतो: हॉलिवूडची भाड्यानं कपडे-दागिने देणारी गोदामं, जुन्या वस्तूंची दुकानं, आणि जे कुठेच मिळत नाही ते करवून घेणं. संग्राहकाच्या दृष्टीनं याचा अर्थ सरळ आहे. पडद्यावर दिसलेला ब्रोच कारखान्यातून एकटा बाहेर पडलेला नव्हता. त्याची भावंडं शेकड्यांनी विकली गेली होती आणि त्यांतली काही आजही मिळतात. तुमचा शोध त्या भावंडांचा आहे. प्रत्यक्ष पडद्यावरच्या नगाची गोष्ट प्रश्न ११ मध्ये आहे.

३. कोणत्या पात्राचं काय शोधायचं?

जोनचं ओळखचिन्ह म्हणजे लांब साखळीत लोंबणारं सोनेरी पेन. लटकत्या पेनांचे असे हार त्या काळात बऱ्याच ठिकाणी बनत होते, त्यामुळे ‘जोनचं पेन’ म्हणून विकायला ठेवलेल्यांत डझनभर वेगवेगळे प्रकार दिसतात. पेनाची जाडी, टोपणाचा आकार, साखळी ज्या कडीत अडकते तिची जागा, या तीन गोष्टी पडद्यावरच्या चित्राशी ताडून बघा. जोनच्या खांद्याजवळ लावलेले ब्रोचही शोधण्यासारखे आहेत. तिचे कपडे एकरंगी असतात, त्यामुळे ब्रोच स्पष्ट दिसतो आणि ओळखायला सोपा जातो.

बेटीचं जग मोत्यांचं आणि जुळत्या संचांचं आहे: हार, कानातलं, कधी कंकण, सगळं एका हातचं. डॉनची दुसरी बायको मेगन येते तसा काळ बदलतो. कानातली मोठी होतात, रंग भडक होतात, प्लास्टिक उघडपणे मिरवायला लागतं. सेक्रेटरी म्हणून कंपनीत आलेल्या पेगीच्या अंगावर सुरुवातीला दागिना कमीच, म्हणून तिचं काही शोधणाऱ्यानं नंतरची पर्वं बघावीत.

पर्वाचं साल आधी लिहून ठेवा. पहिलं पर्व १९६०, दुसरं १९६२, तिसरं १९६३, चौथं १९६४-६५, पाचवं १९६६-६७, सहावं १९६७-६८, सातवं १९६९-७०. पुढचा सगळा हिशेब या सालांवर चालतो.

४. दागिना हातात आहे. ओळखायला सुरुवात कुठून करू?

उलटा करा. पुढची बाजू कोणालाही नक्कल करता येते. मागची बाजू मात्र कारखान्याची सवय दाखवते. दहापट भिंग आणि खिडकीचा उजेड पुरे.

आधी पिन बघा. ब्रोचच्या पिनेला उघडा आकडा आहे की वर फिरणारी सुरक्षेची कडी? फिरणारी कडी १९२० नंतर हळूहळू सर्रास झाली, त्यामुळे १९५०-६० च्या चांगल्या नगाला ती असायलाच हवी. पिनेचा पाया ओतकामातच आलेला आहे, डाक देऊन जोडलेला आहे, की गोंदानं चिकटवलेला? गोंद दिसला तर थांबा. एक तर दुरुस्ती झालेली असते किंवा नग अलीकडचा असतो.

मग खडे. भिंगाखाली प्रत्येक खड्याभोवती धातूची बारीक नखं वळवलेली दिसली, तर तो वेळ घेऊन केलेला नग. खडे वाटीत नुसते चिकटवलेले असतील तर स्वस्त माल, पण तोही अस्सल जुना असू शकतो. खड्याच्या पाठीमागची जागा उघडी असेल तर चंदेरी किंवा सोनेरी मुलामा दिसेल. तो पोपडे निघून काळा झाला असेल तर खड्यात पाणी गेलं आहे, आणि असा खडा पुन्हा चमकत नाही.

मग मुलामा. कंगोऱ्यांवर आणि जिथे बोट लागतं तिथे मुलामा थोडा उतरलेला असणं नैसर्गिक आहे. मागची पिन झिजलेली आणि पुढचा सगळा भाग कोरा असेल, किंवा उलट, तर कुणीतरी पुन्हा मुलामा दिलेला आहे.

शेवटी वजन. जुना पांढरा मिश्रधातू हातात भरीव लागतो. लोहचुंबक लावून बघायला हरकत नाही. पितळ आणि पांढरा मिश्रधातू चिकटत नाही. पिन पोलादाची असेल तर ती ओढली जाईल, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

एवढं झाल्यावर शिक्का शोधा (प्रश्न ५). लोक आधी शिक्का शोधतात आणि तो सापडला की बाकी काही बघत नाहीत. फसगत तिथेच होते.

५. शिक्का कुठे असतो आणि तो वाचायचा कसा?

ब्रोचच्या पाठीवर, कानातल्याच्या क्लिपच्या आतल्या अंगाला, हाराच्या आकड्यावर किंवा आकड्याजवळच्या लहानशा पट्टीवर. कानातल्यांच्या जोडीत कधी एकाच नगावर असतो, म्हणून दोन्ही बघा.

मालिकेच्या काळाशी जुळणारी नावं साधारण ही: ट्रायफारी (टी अक्षरावर मुकुट), कोरो आणि त्यांचंच वरच्या दर्जाचं कोरोक्राफ्ट, मोने, नेपियर, मिरियम हॅस्केल, वाइस, क्रेमर, आयझेनबर्ग, लिझनर, सेरा कॉव्हेंट्री. केनेथ जे लेन यांचं काम १९६३ मध्ये सुरू झालं, म्हणून ‘पहिल्या पर्वातला केजेएल ब्रोच’ असं कुणी सांगितलं तर ते कालगणनेत बसत नाही.

नावाशेजारी गोलातलं सी, म्हणजे कॉपीराइटचं चिन्ह असेल तर फार उपयोगी. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयानं ट्रायफारीच्या दाव्यात खोट्या दागिन्यालाही कलाकृती म्हणून कॉपीराइट मिळू शकतो असं ठरवलं, आणि मग कारखान्यांनी हे चिन्ह सर्रास ठोकायला सुरुवात केली. थोडक्यात, चिन्ह असलेला ट्रायफारी १९५५ नंतरचा धरा. चिन्ह नाही म्हणून तो आधीचाच, असं मात्र उलटं म्हणता येत नाही.

त्याआधीच्या नगांवर पेटंट क्रमांक सापडतात. नुसतं ‘पॅट. पेंड.’ (पेटंटसाठी अर्ज केलेला आहे) असेल तर फार काही कळत नाही. डिझाइन पेटंटचा क्रमांक असेल तर तो वर्ष सांगतो: १९४० च्या सुरुवातीला हे क्रमांक १,१८,००० च्या आसपास होते, १९५० ला १,५६,००० आणि १९६० ला १,८६,००० च्या पुढे. क्रमांक गूगल पेटंट्सवर टाकला की मूळ रेखाचित्र आणि डिझायनरचं नाव समोर येतं. आपल्या हातातल्या पानाफुलाचं कारखान्यातलं चित्र बघताना जो आनंद होतो तो सांगून कळणार नाही. एक खबरदारी: काही क्रमांक क्लिपच्या किंवा पिनेच्या यंत्रणेचे असतात. यंत्रणा वर्षानुवर्षं तीच वापरली जात असे, त्यावरून नगाचं साल ठरत नाही.

६. शिक्काच नाही. मग दागिना टाकाऊ समजायचा का?

अजिबात नाही. मिरियम हॅस्केल यांचा व्यवसाय १९२६ पासूनचा, पण १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांच्या बहुतेक नगांवर नाव नसे. डीलिझा अँड एल्स्टर या कारखान्यानं तर इतरांसाठी ढिगानं माल केला, त्यातला पुष्कळसा बिनशिक्क्याचाच. आज संग्राहक त्यालाच ‘ज्युलियाना’ म्हणून शोधतात. नावाची कागदी चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली असे, ती पहिल्याच दिवशी फेकली जाई.

बिनशिक्क्याचा नग बांधणीवरून ओळखतात. हॅस्केलचा हार उलटा केलात तर जाळीच्या पातळ पत्र्यावर प्रत्येक मणी बारीक तारेनं ओवून बांधलेला दिसेल आणि तारेची टोकं नीट आत वळवलेली असतील. मणी गोंदानं चिकटवलेले असतील तर नाव कितीही मोठं सांगोत, विश्वास ठेवू नका.

७. खडे इंद्रधनुष्यासारखे चमकतात. हे किती जुने?

हे ‘अरोरा बोरिआलिस’ लेपाचे खडे. ऑस्ट्रियातल्या वॉटन्सच्या स्वारोव्स्की कंपनीनं ते १९५६ मध्ये आणले. असा खडा मुळातच बसवलेला असेल तर नग त्याआधीचा असू शकत नाही. पहिल्या-दुसऱ्या पर्वाच्या काळात हे खडे जोरात होते. आज नवे दागिनेही या लेपाचे येतात, म्हणून लेप ‘इतक्या वर्षांआधीचा नाही’ एवढंच सांगतो, जुनेपणाची खात्री देत नाही.

८. ब्रोचवर ‘स्टर्लिंग’ लिहिलंय. खोट्या दागिन्यात चांदी कशी?

युद्धामुळे. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारनं कथील आणि इतर धातूंवर निर्बंध घातले आणि दागिन्यांचे कारखाने चांदीकडे वळले. चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेले ट्रायफारी आणि कोरोचे ब्रोच बहुतेक त्या चार-पाच वर्षांतले. मालिकेच्या काळाशी ते जुळतात का? हो. १९६० मधली बाई पंधरा वर्षांपूर्वीचा ब्रोच सहज लावेल. मागचं साल चालतं, पुढचं चालत नाही.

९. मोती खरे, काचेचे की प्लास्टिकचे?

दातावर हलकेच घासा. खरा आणि कल्चर्ड (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला) मोती किंचित खरखरीत लागतो, काचेचा आणि प्लास्टिकचा गुळगुळीत. मग भोकाशी भिंग लावा. खोट्या मोत्यावरचा लेप भोकाच्या काठाशी पापुद्र्यासारखा उचललेला दिसतो. काचेचा मोती गार आणि जड, प्लास्टिकचा कोमट आणि हलका. बेटीच्या मोत्यांसारखी माळ हवी असेल तर काचेचे, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून ओवलेले घ्या. गाठ असली की दोरा तुटला तरी एकच मोती गळतो.

खोटे मोती घालण्यात त्या काळी कमीपणा नव्हता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मेमी आयझेनहॉवर यांनी १९५३ च्या शपथविधीनंतरच्या नृत्यसमारंभाला ट्रायफारीचे खोटे मोती घातले होते.

१०. माझा आणि पडद्यावरचा दागिना एकच आहे, हे कसं ठरवू?

ब्लू-रेवरून स्थिर चित्र घ्या. यूट्यूबच्या तुकड्यांवर भरवसा ठेवू नका, त्यात खड्यांचे कोन दिसत नाहीत. मग मोजणी करा: खडे किती, पाकळ्या किती, देठ डावीकडे वळतो की उजवीकडे. मापासाठी पात्राच्या कपड्यावरचं बटण किंवा तिचा अंगठा उपयोगी पडतो. रंगाला शेवटचं महत्त्व द्या, कारण मालिकेची प्रकाशयोजना आणि नंतरचं रंगसंस्करण पिवळा मुलामा तांबूसही करू शकतं.

सगळं जुळलं तर तुमच्याकडे ‘तोच नमुना’ आहे. ‘तोच नग’ म्हणायचं असेल तर पुरावा वेगळाच लागतो: एखादं वाकलेलं नख, हरवलेला खडा, हाताने ओवलेल्या मण्यांमधली एखादी चूक, जी पडद्यावर आणि हातात दोन्हीकडे दिसते.

११. एक विक्रेता ‘मालिकेत वापरलेला’ म्हणून विकतो आहे. घेऊ का?

कागद बघा. मालिका संपल्यावर २०१५ मध्ये स्क्रीनबिड या लिलाव कंपनीनं ‘मॅड मेन’मधल्या वस्तूंचा अधिकृत लिलाव केला. त्याच वर्षी डॉन ड्रेपरचा सूट आणि हॅट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. निर्मात्यांकडून थेट बाहेर पडलेल्या वस्तूमागे अशी साखळी असते: लिलावाचा क्रमांक, प्रमाणपत्र, मूळ खरेदीदाराची पावती. साखळीतली एक कडी जरी तुटली तरी दागिन्याची किंमत साध्या जुन्या दागिन्याइतकीच धरावी. विक्रेत्यानं स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र हा पुरावा नाही. भाड्यानं आणलेले दागिने तर काम झाल्यावर गोदामात परत गेले, ते लिलावात आलेच नाहीत.

साखळीची ताकद किती असते ते एका उदाहरणावरून कळेल. १९९६ मध्ये न्यूयॉर्कला सद्बीजच्या लिलावात जॅकलिन केनेडी-ओनासिस यांची तीन पदरी खोट्या मोत्यांची माळ २,११,५०० डॉलरला गेली. मोती काचेचेच होते. ती माळ त्यांच्या गळ्यात होती याबद्दल मात्र कुणालाच शंका नव्हती, छायाचित्रंच होती.

नवख्यानं या बाजारात उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशात त्याच काळातले दहा उत्तम नग येतात आणि त्यांतून जे शिकायला मिळतं ते प्रमाणपत्रातून मिळत नाही.

१२. सुरुवात कोणत्या दागिन्यापासून करावी?

मोने किंवा सेरा कॉव्हेंट्रीचा एखादा साधा ब्रोच किंवा कानातल्यांची जोडी. सेरा कॉव्हेंट्रीचा माल १९४९ पासून घरोघरी पार्ट्या भरवून विकला जाई. इतका विकला गेला की आजही स्वस्तात मिळतो. मोनेचा मुलामा जाड आणि टिकाऊ असतो. आधी असे चार-पाच नग हाताळा, त्यांच्या मागच्या बाजू डोळ्यांत बसू द्या. हॅस्केल आणि आयझेनबर्गच्या वाटेला नंतर जा, कारण नकलाही त्यांच्याच जास्त होतात (प्रश्न १९).

१३. माझे कान टोचलेले आहेत. क्लिपची कानातली टोचलेल्या कानांची करून घेऊ का?

आपल्याकडे पाळण्यातच कान टोचतात, म्हणून हा प्रश्न मराठी वाचकांकडून हमखास येतो. अमेरिकेत मात्र त्या काळी शहरी बायकांचे कान बहुधा टोचलेले नसत. टोचण्याची पद्धत तिथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा रुळली. म्हणून मालिकेच्या काळातली कानातली मुख्यतः क्लिपची, आणि त्याआधीची फिरकीनं आवळायची.

सोनाराकडून क्लिप कापून काडी बसवून घेऊ नका. डाक देताना लागणाऱ्या आचेनं मुलामा जळतो आणि खडे तडकतात, शिवाय शिक्का बहुतेक वेळा क्लिपवरच असतो, तो कापून जातो. क्लिपमध्ये अडकवायचे तयार जोड मिळतात. ते कानाच्या भोकात जातात आणि कानातल्याला इजा होत नाही. क्लिप टोचत असेल तर रबराच्या छोट्या गाद्या लावा.

१४. दागिन्यावर हिरवं काहीतरी आलंय. काय करू?

तो कळंक, तांब्याच्या अंशावर ओलाव्यानं आणि घामानं चढणारा. शेजारच्या नगाला तोच ओलावा लागण्याआधी नग वेगळा काढा. लाकडी टूथपिकनं कोरडा कळंक हळूहळू खरवडा. उरलेला डाग कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पुसा, मग लगेच साध्या पाण्याची ओलसर काडी, आणि मग केस वाळवायच्या यंत्राच्या गार वाऱ्यात पूर्ण सुकवा. खड्यांच्या मागे एक थेंबही जाऊ देऊ नका. मोत्यांना व्हिनेगर लावायचं नाही. कळंकाखालचा मुलामा गेलेलाच असतो, तो परत येत नाही.

चिंच, लिंबू, टूथपेस्ट, रिठे, सोनाराचं ‘डिप’: काहीही नको. आणि नग पाण्यात बुडवायचा नाही, कधीच नाही.

१५. एक खडा पडलाय. फेविक्विक चालेल?

नाही. असले झटपट गोंद सुकताना वाफ सोडतात, तिनं शेजारचे खडे पांढुरके होतात. घड्याळवाले काच बसवायला वापरतात तो पारदर्शक गोंद, टाचणीच्या टोकावर मावेल इतकाच घ्या. जुना खडा हवा असेल तर मोडके नग स्वस्तात घेऊन ठेवा आणि त्यांतले खडे काढा. नव्या खड्याची चमक जुन्यांत उठून दिसते. नखांच्या कोंदणातला खडा स्वतः बसवू नका, जडावाचं काम करणाऱ्या कारागिराला दाखवा आणि आधीच सांगा, ‘तापवायचं नाही, पॉलिश मारायचं नाही.’

१६. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात हे टिकतात का?

टिकतात, जपले तर. प्रत्येक नग धुतलेल्या मऊ मलमलमध्ये वेगळा गुंडाळा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत नग आणि ओलावा दोन्ही कोंडले जातात. अत्तर आणि केसांचा स्प्रे आधी, दागिना सगळ्यांत शेवटी. सेल्युलॉइडचे (एका जुन्या प्लास्टिकचे) नग मात्र बाकीच्यांपासून लांब ठेवा. ते पेट घेतात आणि जुने झाले की त्यांतून निघणारा वायू शेजारचा धातू खातो.

१७. बेकलाइटची (जुन्या कडक प्लास्टिकची) बांगडी ओळखायची कशी? सुई तापवून टोचतात ना?

सुई टोचू नका. नग खराब होतो, आणि तो सेल्युलॉइडचा निघाला तर पेट घेईल. अंगठ्यानं जोरात घासून गरम करा किंवा कडा क्षणभर गरम पाण्याखाली धरा. बेकलाइटला फॉर्माल्डिहाइडचा, दवाखान्यासारखा उग्र वास येतो. सेल्युलॉइडला कापराचा. दोन बांगड्या एकमेकींवर आपटल्या तर बेकलाइटचा आवाज जड आणि ठोस येतो. १९६० च्या दशकातलं रंगीत प्लास्टिक बहुतेक बेकलाइट नसून ल्युसाइट (ॲक्रिलिक प्लास्टिक) किंवा तत्सम असतं, त्यामुळे मेगनच्या काळातली कानातली ‘बेकलाइट’ म्हणून महाग विकत असतील तर वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

१८. इथे कुठे मिळतात? परदेशातून मागवताना काय बघायचं?

मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. अमेरिकन शिक्क्याचा नग तिथे क्वचितच हाती लागतो, तरी भिंग जवळ ठेवा. खरा साठा अमेरिकेत आहे. तिकडे नातेवाईक असतील तर त्यांना घर रिकामं करताना भरणाऱ्या ‘इस्टेट सेल’ला आणि थ्रिफ्टच्या (वापरलेल्या वस्तूंच्या) दुकानांत जायला सांगा.

ऑनलाइन घेताना मागच्या बाजूचा, शिक्क्याचा आणि आकड्याचा असे तीन फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या. पार्सलवर ‘इमिटेशन ज्वेलरी’ असं स्पष्ट आणि खरी किंमत लिहायला सांगा. कस्टम्सच्या वर्गीकरणात खोटे दागिने ७११७ या शीर्षकाखाली येतात. नुसतं ‘ज्वेलरी’ लिहिलं तर सोन्याचा संशय येऊन पार्सल अडकतं. किंमत कमी दाखवायला सांगू नका.

१९. शिक्का बरोबर आहे, तरी नग नकली असू शकतो का?

असू शकतो, आणि ‘आयझेनबर्ग ओरिजिनल’, वाइस व हॅस्केल यांच्या बाबतीत सर्रास होतो. जुना नग साच्यात दाबून त्याचीच नक्कल ओतली की शिक्काही उमटतो, पण कडा बोथट होतात आणि अक्षरांत बारीक फुगे राहतात. दुसरा प्रकार म्हणजे मोडक्या नगावरची नावाची पट्टी काढून बिनशिक्क्याच्या नगावर बसवणं. पट्टीभोवती ताजा डाक किंवा गोंद दिसतो.

तिसरा प्रकार फसवणुकीचा नाही, पण गोंधळाचा आहे. कंपनी स्वतःच जुना नमुना पुन्हा काढते. ट्रायफारीचा प्रसिद्ध मुकुट-ब्रोच १९४० च्या दशकात चांदीत आला आणि १९८० च्या दशकात साध्या धातूत पुन्हा निघाला. दोन्ही अस्सल ट्रायफारी, फक्त दुसरा मालिकेच्या काळानंतरचा.

२०. मालिकेतलाच नग १९८० च्या दशकातला निघाला, असं होऊ शकतं?

हो. वेशभूषा विभागाला दृश्य उभं करायचं असतं आणि दुरून १९६२ चा वाटणारा १९८४ चा ब्रोच कॅमेऱ्याला चालतो. असा नग तुम्हाला ‘पडद्यावरचा नमुना’ म्हणून हवा असेल तर जरूर घ्या, पण नोंदवहीत दोन रकाने ठेवा: पडद्यावरचं साल आणि घडणीचं साल. किंमत नेहमी घडणीच्या सालावर द्या. आणि १९६० च्या दशकातला दागिना ‘अँटिक’ म्हणून विकत असतील तर तेही चूक. बाजारात तो शब्द शंभर वर्षांवरच्या वस्तूला वापरतात, हे सगळे ‘व्हिंटेज’.

२१. आजीच्या डब्यात एक परदेशी ब्रोच सापडला. तो यातलाच का?

शक्यता कमी, पण बघण्यासारखा नक्की असेल. आपल्याकडे साडीच्या पदराला ब्रोच लावायची पद्धत होती, आणि बोहेमियातल्या याब्लोनेत्सच्या परिसरातून काचेच्या बांगड्या आणि मणी भारतात फार पूर्वीपासून येत. देशाचं नाव असेल तर काळ लगेच आखता येतो. ‘चेकोस्लोव्हाकिया’ हा देश १९१८ ते १९९२ होता. ‘वेस्ट जर्मनी’ १९४९ ते १९९०. ‘ऑक्युपाइड जपान’ लिहिलेला नग १९४५ ते १९५२ मधलाच.

या बाबतीत एकच विनंती. आजीच्या ओळखीची कुणी हयात असेल तर तो ब्रोच कुणी आणला, कुठल्या लग्नात लावला, हे आजच विचारून घ्या आणि त्या मलमलच्या कापडाबरोबर एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. जुन्या लग्नाच्या फोटोत पदरावर तो दिसत असेल तर फोटोची प्रतही सोबत ठेवा. प्रश्न ११ मधली साखळी तुमच्या घरात अशीच तयार होते.

२२. लहान मुलांना खेळायला दिले तर चालतील का?

नाही. जुन्या पांढऱ्या मिश्रधातूत आणि खड्यांच्या काचेत शिसं असतं, काही नगांत कॅडमियमही. मोठ्या माणसानं कपड्यावर ब्रोच लावण्यात अडचण नाही, पण मूल तो तोंडात घालतं. मुलामा उतरलेली कानातली किंवा अंगठी ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांनीही टाळावी. नग हाताळून झाल्यावर, विशेषतः कळंक काढल्यावर, साबणानं हात धुवा.